ब्याऐंशी टक्के ऊब

घाणीची मला सवय आहे. चामराजपेटेत राहणाऱ्याला ती असतेच. मार्केटच्या मागच्या अंगाला कोबीची पानं आणि झेंडू एकत्र कुजतात, त्या गल्लीतून मी चाळीस वर्षं बस पकडली. तिथली घाण प्रामाणिक आहे. ती लांबूनच सांगते, की बाबा, मी घाण आहे, नाक धर. शिसारी म्हणजे काय ते मला कळलं व्हाइटफील्डमधल्या एका अतिशय स्वच्छ इमारतीत, आणि तेही अळूच्या भाजीच्या वासात.

माझे मेहुणे नरसिंहराव, वय शहात्तर, यांच्या चामराजपेटेतल्या घराची मोरी जुलैच्या सुरुवातीला खचली. मोरीपाठोपाठ निम्मं स्वयंपाकघर खणावं लागलं. गवंडी म्हणाला, पंधरा दिवसांचं काम आहे. म्हणजे महिन्याचं. त्यांचा एकुलता मुलगा प्रणीत व्हाइटफील्डला अशा एका कंपनीत इंजिनिअर आहे, जी लोकांना सजवलेली घरं राहायला देते. चादरी बदलायला माणसं येतात, स्वयंपाक मात्र आपला आपण करायचा. त्या इमारतीत वीज वाचवणारी जेवढी यंत्रं आहेत, ती सगळी प्रणीतनं बसवलेली. त्यानं आईवडिलांना अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवलं. नवव्या दिवशी माझ्या बहिणीचा, अनुसूयेचा, फोन आला.

"अण्णा, स्वल्प येऊन जा. हे गार पाण्यानं आंघोळ करायलेत."

डिसेंबरात नरसिंहरावांना न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात काढले होते. गार पाण्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं दोनदा सांगितलं होतं, एकदा कन्नडात आणि एकदा हात जोडून.

"का? गरम पाणी येत नाही तिथं?"

"येतं की. खळाखळा येतं. म्हणूनच."

मी पिशवी भरली आणि मेट्रोत बसलो.

इमारतीच्या दारात शिरलो आणि दात वाजायला लागले. खालचा दिवाणखाना फ्रिजसारखा गार ठेवलेला. एका भिंतीवरून दिवसभर धबधबा पडतो, तो बघायला कुणी नसतं. हवेत गवती चहाचा वास फवारलेला. धबधब्याशेजारी दरवाजाएवढा बोर्ड, त्यावर हिरवं पान आणि इंग्रजीत ठळक अक्षरं: आजच्या गरम पाण्यातली ब्याऐंशी टक्के ऊब वापरलेल्या पाण्यातून परत मिळवलेली. तुम्ही पृथ्वी वाचवत आहात. मी अजून जिनाही चढलो नव्हतो, तरी मला थोडं वाचवल्यासारखं वाटलं.

वरच्या घरात खिडक्या उघडत नाहीत. उघडल्या तर गारवा वाया जातो. माणूस हलला नाही तर दिवा आपोआप जातो. मी गेलो तेव्हा नरसिंहराव संध्येला बसले होते आणि अनुसूया हातात केरसुणी घेऊन उगाच येरझाऱ्या घालत होती.

"हे काय?"

"हे डोळे मिटून बसले की दिवा जातो. यंत्राला वाटतं, घरात कुणी नाही." ती वळली. "अठ्ठेचाळीस वर्षं मला जे वाटत आलं, ते याला आठवड्यात कळलं बघ."

संध्या झाली. नरसिंहराव खोकले. तो खोकला डिसेंबरातला होता, मी ओळखला.

झालं होतं असं. नरसिंहराव बसच्या तिकिटाची मागची बाजूही वाचणारे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी त्यांनी बोर्ड नीट वाचला आणि काउंटरवरच्या चंदनाला विचारलं, ही ऊब परत मिळवली, ती गेली कुठं होती? चंदना चांगली मुलगी आहे. तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. पाहुणे आंघोळ करतात ते पाणी, खालच्या हॉटेलात भांडी घासतात ते पाणी, धुलाईचं पाणी, सगळं तळघरातल्या टाकीत जातं. त्या पाण्यातली ऊब काढून घेतात आणि नव्या पाण्याला देतात.

"म्हणजे मी दोन दिवस लोकांच्या पाण्यानं न्हालो?"

"नाही अंकल! पाणी पाण्याला लागतच नाही. मध्ये तांब्याची नळी असते. नुसती ऊब येते."

"कुणाची?"

यावर चंदनाला ट्रेनिंगमध्ये काही शिकवलेलं नव्हतं.

उरलेला तपास नरसिंहरावांनी स्वतः केला. मला त्यांनी तो बोटांवर मोजून सांगितला. "ऐका, श्रीरंगराव. अकराशे चारमधला पोरगा व्यायाम करून येतो आणि अर्धा तास न्हातो. खालच्या हॉटेलात अंड्याचे तवे, कोळंबीची पातेली. आणि नऊशे तीनमध्ये कुत्रं आहे. लॅब्राडोर. रविवारी त्याला शांपूनं आंघोळ घालतात."

"पण तांब्याची नळी आहे ना मध्ये?"

"तांबं शुद्ध. मान्य. पण पलीकडनं येतं ते काय? कुणाच्या तरी उष्ट्या ताटाखाली हात धरून गरम करून घ्यावेत, तसलं आहे हे. उष्टी ऊब."

मी हसलो. मग आंघोळीला गेलो. मला मडीचं काही नाही. सोवळ्याला आम्ही बंगळुरातली मराठी माणसं मडीच म्हणतो. बायको गेल्यापासून मी ती घरातून काढून टाकली. नळ सोडला, छान कढत पाणी पाठीवर आलं, आणि डोळ्यांपुढे लॅब्राडोर उभा राहिला. ओला. अंग झटकणारा. त्याच्यामागे कोळंबीचं पातेलं. मी नळ बंद केला आणि उरलेला साबण टॉवेलानं पुसून बाहेर आलो. मळमळ माणसाची मतं विचारून येत नाही.

संध्याकाळी प्रणीत आला. गळ्यात ओळखपत्र, खिशात दोन फोन.

"अप्पा, ऊब म्हणजे वस्तू नाही हो. नुसती रेणूंची हालचाल असते. एकाचा धक्का दुसऱ्याला."

"पहिला धक्का कुणाचा?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"मग तू सांग की. मला ऐकायचंय."

"तुमच्या आजोबांच्या न्हाणीत बंब होता. त्यातली लाकडं कुणी फोडली, हे विचारलंत का कधी?"

नरसिंहराव खोकले. खोकला उत्तराच्या ऐवजी होता की आपला आपण आला, ते कळलं नाही. "तो भाग वेगळा," ते शेवटी म्हणाले. तो भाग नेहमीच वेगळा असतो.

खरी अडचण बुधवारची होती. आषाढ वद्य द्वादशी. नरसिंहरावांच्या वडिलांचं श्राद्ध. एक्केचाळीस वर्षांत एकही चुकलेलं नाही. एकदा तर एकशे दोन ताप असताना केलं होतं. श्राद्धाला डोक्यावरून आंघोळ हवी, स्वयंपाक मडीत हवा, आणि पिंड भर दुपारी, पावणेबारा ते साडेबाराच्या दरम्यान. तिथी पुढे ढकलता येत नाही. गार पाण्यानं न्हाले असते तर डिसेंबर परत आला असता. गरम पाण्यानं न्हायला ते तयार नव्हते. यंदा श्राद्धाला बसलेला माणूस पुढच्या वर्षी श्राद्धाचा मानकरी होतो की काय, ही अनुसूयेची काळजी होती. ती बोलून दाखवत नव्हती, फक्त कोथिंबीर फार बारीक चिरत होती.

उपाय तिनंच काढला. "नळाचं गार पाणी शेगडीवर तापवू. आपलं पाणी, आपली ऊब. मग तरी न्हाल?"

नरसिंहरावांनी विचार केला. "विजेच्या शेगडीला अग्नी म्हणतात का?"

"मी म्हणते," अनुसूया म्हणाली. विषय संपला.

बुधवारी सकाळी साडेआठला तीन पातेली शेगडीवर चढली. एकामागून एक, बादल्या भरेपर्यंत. साडेनऊला नरसिंहराव 'गंगे च यमुने चैव' म्हणत मनसोक्त न्हाले. आठ दिवसांनी पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला. ओला पंचा नेसून ते बाहेर आले, अनुसूयेनं डाळ चढवायला शेगडीचं बटण दाबलं, आणि शेगडी पिंग असा आवाज करून मेली. काचेवर अक्षरं उमटली: आजची मर्यादा संपली. पृथ्वीतर्फे धन्यवाद. दोन वाजता भेटू.

दोन वाजता पितर परत गेलेले असतात.

मी चंदनाला फोन केला. तिनं प्रणीतला लावून दिला.

"मामा, ते लॉक मलाही काढता येत नाही," प्रणीत म्हणाला. "कुणालाही काढता येऊ नये असंच मी ते केलंय. त्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. थांबा, कल्लाप्पाला पाठवतो. मीही येतो."

कल्लाप्पाच्या आधी विश्वेश्वर भटजी आले. तेही चामराजपेटेचेच. "मेट्रोनं आलो," दारातच म्हणाले. "मडी राहिली का विचारू नका, म्हणजे मला सांगावं लागणार नाही." गार शेगडीकडे पाहून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा.

मग कल्लाप्पा आला. निळा गणवेश, पन्नाशीचा माणूस, तळघरातल्या पंपांचं काम बघणारा. त्याच्या आधी त्याचा वास आत आला. गवती चहाच्या त्या इमारतीत तो वास इतका खरा होता, की मला क्षणभर मार्केटची आठवण आली. त्यानं शेगडी पाहिली, मान हलवली.

"हे होणार नाही, स्वामी. पण खाली माझी गॅसची शेगडी आहे. चहाची. दोन चुली आहेत." थोडा थांबून म्हणाला, "जागा चांगली नाही."

अनुसूयेनं एव्हाना पातेली उचललेली होती.

अशी आमची वरात लिफ्टमधून तळघरात उतरली. पुढे भटजी, दर्भ सांभाळत. मागे ओल्या पंचातले नरसिंहराव, कुणाला शिवणार नाहीत असे कोपऱ्यात दबलेले. मध्ये अनुसूया आणि अळूचं पातेलं. नवव्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर लॅब्राडोर उभा होता. त्याच्या मालकानं आमच्याकडे पाहिलं आणि पुढच्या लिफ्टनं येतो म्हणाला.

पंपघरात एका बाजूला कल्लाप्पाची शेगडी, समोर कॅलेंडर. दुसऱ्या बाजूला टाकी, मोटारीएवढी.

"हीच ती?" नरसिंहरावांनी विचारलं.

"हीच, स्वामी."

"उघड."

"नको, अहो!" अनुसूया म्हणाली.

"मला बघायचंय मी कशाला भ्यालो."

कल्लाप्पानं झाकण सरकवलं. मी बघायला नको होतं. वर हातभर जाडीचा थर होता, पिवळट पांढरा, साय धरावी तसा. त्यात केस होते, साबणाचे तुकडे होते, अंड्याची कवचं होती, आणि मधोमध एक स्टीलचा चमचा उभा रुतलेला होता, कुणी चाखून बघायला घातल्यासारखा. वास नाकात न जाता थेट घशात उतरला. भटजींनी उपरणं तोंडावर धरलं. मी कॅलेंडरकडे पाठ करून आषाढातले सगळे सण वाचून काढले.

नरसिंहराव मात्र वाकून बघत होते. "या एवढ्यातून ऊब जाते कशी?"

"जात नाही, स्वामी."

"काय?"

"संक्रांतीपासून नळ्या गच्च आहेत. चरबी बसली. हे पाणी बाजूनं गटारात सोडतो. वर जातं ते करंटवर तापतं." त्यानं कोपऱ्यातले दोन मोठे बॉयलर दाखवले. ते निवांतपणे गुणगुणत होते.

"आणि ब्याऐंशी टक्के?"

"तो वरचा बोर्ड आहे," कल्लाप्पा समजावत म्हणाला. "त्याचा खालच्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे पाणी शुद्धच होतं!" भटजींना आनंद झाला. "आठ दिवस उगाच गारठलात, नरसिंहराव."

नरसिंहराव वळले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर प्रणीत येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं, हे त्याची ओळखपत्रावरची पकड सुटत नव्हती त्यावरून कळत होतं.

"तुला ठाऊक होतं?"

"नव्या नळ्या मागवल्यात, अप्पा."

"ठाऊक होतं."

"पहिल्या दिवशी खरंच ब्याऐंशी आले होते. शपथ. मग वरच्यांनी सांगितलं, की हिरव्या पानाचा शिक्का देणारी माणसं यायचीत, तोवर आकडा हलवू नको. मग तो तसाच राहिला."

"मी आठ दिवस गार पाणी ओतून घेत होतो. खोकत होतो. आणि तू माझ्यासमोर बसून मला रेणू शिकवलेस."

"मला वाटलं, खरं सांगितलं तर..."

"तर काय?"

"तर तुम्हाला किळस येईल."

नरसिंहरावांनी टाकीकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. दोन्हीकडे सारखाच वेळ. मग त्यांनी ओल्या पंचाचं टोक नाकाला लावलं. टाकीवर झाकण केव्हाच पडलं होतं.

"भांडण जेवल्यावर," अनुसूया म्हणाली. "आधी काडी कुठाय?"

पाऊण तासात तिनं त्या दोन चुलींवर भात, खीर, अळूची भाजी आणि वडे केले. वड्यांचा खमंग वास आणि टाकीचा वास एकमेकांत मिसळले. त्या मिश्रणाला नाव नाही, पण मला ते अजून ढेकरेत येतं. कल्लाप्पा पाणी आणून देत होता, दारातूनच. मडीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला ते सांगावं लागत नाही, याचीही मला मग शिसारी आली, पण उशिरा, दोन वडे खाल्ल्यावर.

बाराला पिंड झाले. घास बाहेर ठेवायचा होता. गाड्या उतरतात त्या उतारावर, जनरेटरच्या भिंतीशी, केळीच्या पानावर ठेवला. हॉटेलचं खरकटं तिथंच ठेवतात, त्यामुळे कावळे भरपूर. एक मोठा कावळा भिंतीवर येऊन बसला. बसलाच.

"दरवर्षीच्या श्राद्धाला शिवलाच पाहिजे असं नाही," भटजी म्हणाले. त्यांना दीडला दुसरं घर होतं. "गायीला घालू."

"थांबू," नरसिंहराव म्हणाले.

कावळा शिवत नसेल तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. घरच्यांनी मोठ्यानं कबूल करायचं, की बाबा, तुमचं राहिलेलं आम्ही करू. मग शिवतो. अनुसूयेनं हात जोडले. "मामंजी, मोरी नीट करून घेतो हो. उतार काढतो." सासऱ्यांची हयातभर तीच तक्रार होती. कावळ्यानं पंखाखाली चोच घातली.

"परसातला शेवगा तोडणार नाही," नरसिंहराव म्हणाले.

कावळ्यानं दुसरा पंख बघितला.

साडेबाराला पाच मिनिटं होती. नरसिंहराव थंडीनं की कशानं कापत होते. "प्रणीत, तू बोल."

"अप्पा, प्लीज. इथं कॅमेरे आहेत."

"तुझे आजोबा आहेत. कॅमेऱ्याआधीपासून आहेत. बोल."

प्रणीतनं बूट काढले. हात जोडले. आधी कॅमेऱ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला, "उद्यापासून बोर्डावर खरा आकडा लावीन."

कावळा उतरला आणि वड्यावर तुटून पडला.

पायरीवर इतका वेळ बसलेलं हॉटेलचं मांजर नेमकं त्याच वेळी उठून गेलं होतं. मी पाहिलं. भटजींनीही पाहिलं. आम्ही दोघंही जेवायच्या घाईत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर शून्य होतं. तेच हिरवं पान, तीच पृथ्वी, शून्य टक्के. दोन मुली त्याच्यासमोर फोटो काढून गेल्या. कुणीही वर बघितलं नाही, फक्त वरच्या मजल्यावरून प्रणीतला दुपारपर्यंत तीनदा बोलावणं आलं. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण शून्य तसंच होतं. नरसिंहरावांनी त्याला काही विचारलं नाही. "शून्य म्हणजे शुद्ध," एवढंच ते मला म्हणाले आणि गुरुवारी, शुक्रवारी नळाच्या कढत पाण्यानं न्हाले. खोकला उतरला. मुलाशी मात्र ते 'मीठ दे' यापलीकडे बोलले नाहीत.

शनिवारी मी परत निघायच्या बेतात होतो. आम्ही दोघं खाली फिरून आलो, तर बोर्डावर अकरा. नरसिंहराव जागीच थांबले.

तेवढ्यात कल्लाप्पा बादली घेऊन बाजूनं निघाला होता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून चंदना त्याला हातानं मागच्या दाराकडे ढकलल्यासारखं करत होती.

"कल्लाप्पा! इकडे ये."

तो आला. चंदना कसंनुसं हसली.

"साफ केलीस?"

"दोन दिवस लागले, स्वामी. हातानंच काढली. प्रणीतसर पण उतरले होते काल. टाकीत."

नरसिंहरावांनी कल्लाप्पाचे हात निरखले. मग त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. "हे अकरा. कुणाचे रे?"

कल्लाप्पानं मनातल्या मनात हिशेब केला. "हॉटेलचं पाणी अजून जोडलं नाही. धुलाईचंही नाही. पाहुण्यांचं दुपारी जोडणार." त्याला जरा संकोच वाटला. "सकाळी खाली मीच न्हालो, स्वामी. अंगाला घाण फार लागली होती. तीन वेळा साबण लावला. माझंच असणार ते."

लिफ्टमध्ये नरसिंहराव अकराव्या मजल्यापर्यंत आकडे बघत राहिले. घरात गेल्यावर त्यांनी दोरीवरचा पंचा ओढला आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

"गार की गरम?" अनुसूयेनं मला हळूच विचारलं.

"माहीत नाही."

आत नळ सुटला. खिडकी नसलेल्या त्या बोळात आम्ही दोघं दाराशी कान देऊन उभे राहिलो. ती केरसुणी धरून, मी पिशवी धरून. इतके गप्प उभे राहिलो, की घरात कुणी नाही असं यंत्राला वाटलं आणि दिवा गेला. अंधारात आधी काही दिसेना. मग दाराखालच्या उजेडाच्या फटीतून वाफ येताना दिसली.